पन्नासात एक

नवी वाट धरण्याआधी सायकलवाल्यानं एक चौकशी जरूर करावी: ही वाट मुळात बांधली कोणासाठी? बैलगाडीसाठी बांधलेली असेल तर चढ बैलांच्या बेतानं असतो. एसटीसाठी बांधलेली असेल तर ड्रायव्हर पहिल्या गिअरात कण्हत-कुंथत वर काढू शकेल इतका उभा असतो. आणि आगगाडीसाठी बांधलेली असेल तर निर्धास्त असावं. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार लवकर घसरतं. त्यामुळे वाफेचं इंजिन वर न्यायचं म्हटलं की रेल्वेचा इंजिनिअर डोंगर पोखरतो, ओढ्यांवर पूल टाकतो, समोर दिसणाऱ्या गावाला मैलभराचा वळसा घालतो. चढ मात्र वाढू देत नाही. त्याचा हा हट्ट शंभर वर्षांनी तुमच्या गुडघ्यांच्या कामी येतो.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, ओटागो प्रांताच्या आतल्या डोंगराळ पट्ट्यात, अशी एक वाट आहे. क्लाइड ते मिडलमार्च, १५२ किलोमीटर. ‘ओटागो सेंट्रल रेल ट्रेल’ हे तिचं नाव. रूळ केव्हाच उचलले गेले; उरला तो खडी-मुरुमाचा पट्टा. त्यावर मोटारीला बंदी, मोटरसायकलला बंदी. पायी चालणारे, सायकलवाले आणि घोडेस्वार एवढ्यांनाच मुभा. दोन्ही अंगांना हॉकडन, रॉक अँड पिलर अशा डोंगररांगा, हिवाळ्यात त्यांच्या माथ्यावर बर्फ. आणि एवढ्या डोंगरांतून जाऊनही वाटेवरचं सगळ्यात उंच ठिकाण ६१८ मीटरवर, म्हणजे जवळपास आपल्या लोणावळ्याच्या उंचीला. चढ कुठंही पन्नासात एकापेक्षा जास्त नाही. पन्नास मीटर पुढं गेलात की एक मीटर वर. आपल्या बोरघाटात रेल्वेला सदतिसात एक चढ घ्यावा लागला आणि तिथं आजही गाडीला मागून इंजिनं लावून रेटावं लागतं, हे लक्षात घेतलं तर ओटागोच्या इंजिनिअरांनी सायकलवाल्यांवर किती उपकार करून ठेवलेत ते कळतं.

या उजाड मुलखात माणसं आली ती सोन्यासाठी. १८६१ साली गेब्रिएल रीडला तुआपेकाच्या खोऱ्यात सोनं सापडलं. पुढच्याच वर्षी हार्टली आणि रायली या दोघांनी आजच्या क्लाइडजवळच्या नदीपात्रातून काढलेलं ८७ पौंड सोनं डनीडनच्या कचेरीत आणून ठेवलं आणि एकच झुंबड उडाली. इथं एक आडवाटेची गोष्ट सांगायला हवी. रीडच्या आधी काही वर्षं एडवर्ड पीटर्स नावाच्या माणसाला ओटागोतच सोनं मिळालं होतं. हा पीटर्स मूळचा मुंबईकडचा. गोरे त्याला ‘ब्लॅक पीटर’ म्हणत. त्यानं सोन्याचा ठावठिकाणा कुणापासून लपवला नाही. मोठं बक्षीस रीडला मिळालं. पीटर्ससाठी पुढं म्हातारपणी लोकांनी वर्गणी जमवली आणि सरकारनं त्यात भर घातली, एवढंच. ग्लेनोर इथं आता त्याचं स्मारक आहे. त्याचं अनावरण भारतीय वंशाचे गव्हर्नर जनरल आनंद सत्यानंद यांनी केलं. ग्लेनोर या सायकलवाटेवर नाही, बरंच बाजूला आहे. तरी मुंबईच्या माणसानं ओटागोत जाऊन त्याचं नाव न घेता परतणं बरं दिसत नाही.

सोन्यामागून माणसं आणि माणसांमागून रेल्वे. १८७९ साली डनीडनजवळ पहिली कुदळ पडली. गाडी मिडलमार्चला पोचली १८९१ साली, क्लाइडला १९०७ साली आणि शेवटच्या क्रॉमवेलला १९२१ साली. एवढा उशीर होण्याला कारणं दोन: पैसा सारखा आटत होता आणि खडक कठीण होता. तोवर सोन्याची पहिली धामधूम ओसरली होती. गाडीनं वाहिली ती लोकर, मेंढ्या, ससे, जर्दाळू आणि पीच. रस्ते सुधारले, ट्रक आले, तसा तिचा धंदा बसत गेला. अखेरीची काही वर्षं ती तगली ती क्लाइडच्या धरणाचं सामान वाहून. त्याच धरणासाठी क्लाइड-क्रॉमवेल हा तुकडा आधीच बंद करावा लागला. तो पुढं जलाशयात गेला. धरणाचं काम सरत आलं तशी उरलेल्या मार्गाचीही गरज संपली आणि १९९० साली रेल्वे बंद झाली.

इथवरची गोष्ट जगातल्या कुठल्याही मोडीत निघालेल्या रेल्वेची असू शकते. फरक पडला तो यानंतर.

रेल्वे बंद झाली की तिची जमीन म्हणजे काही मीटर रुंद आणि दीडशे किलोमीटर लांब अशी चमत्कारिक मालमत्ता उरते. लगतच्या शेतकऱ्याला त्यातलं अर्धं किलोमीटर हवं असतं, कारण त्याच्या दोन कुरणांच्या मधून ती जाते. गावाला स्टेशनची जागा हवी असते. कंत्राटदाराला खडी हवी असते, भंगारवाल्याला पुलांचे गर्डर. सगळ्यांना थोडं-थोडं दिलं तर सगळे खूष, आणि मालमत्ता शून्य. कारण या जमिनीची सगळी किंमत तिच्या सलग असण्यात आहे. मधला एक पूल गेला, एका शेतानं तारेचं कुंपण आडवं घातलं, की उरलेले दीडशे किलोमीटर म्हणजे नुसते गवताळ बांध.

न्यूझीलंडच्या निसर्गसंवर्धन खात्यानं १९९३ साली हा सगळा पट्टा एकगठ्ठा ताब्यात घेतला, पुलांसकट आणि बोगद्यांसकट. वर्षभरात स्थानिकांनी एक विश्वस्त संस्था उभी केली आणि पैसे जमवायला सुरुवात केली. पुलांवर रूळ नव्हते, खाली पाहिलं की थेट ओढा; तिथं लाकडी फळ्या ठोकायच्या होत्या, कठडे लावायचे होते. विरोधही झाला. मेंढपाळांचं म्हणणं साधं होतं: परकी माणसं आमच्या कुरणांतून जाणार, फाटकं उघडी टाकणार, मेंढ्या बुजवणार, उन्हाळ्यात आग लावणार. यातली एकही शंका वेडगळ नव्हती. तुकड्या-तुकड्यांनी काम होत गेलं आणि फेब्रुवारी २००० मध्ये सगळी वाट खुली झाली. म्हणजे रेल्वे बंद पडल्यापासून दहा वर्षं लागली. आपल्याकडे अशा कामाची घोषणा होते तेव्हा ‘येत्या दोन वर्षांत’ असं म्हणण्याची पद्धत आहे, म्हणून हा आकडा मुद्दाम सांगितला.

आता त्या वाटेच्या पृष्ठभागाकडे जरा वाकून पाहू, कारण सगळं कसब तिथं आहे.

आपल्या गावोगावी फ्लेक्स लागतात: ‘अमुक वस्ती ते तमुक वस्ती रस्त्याचे खडीकरण व डांबरीकरण, भूमिपूजन समारंभ’. आपल्या लेखी खडीकरण म्हणजे अर्धवट काम. डांबर पडलं नाही तोवर रस्ता झाला असं कुणी मानत नाही, आणि ज्याच्या वस्तीला पावसाळ्यात ॲम्ब्युलन्स पोचत नाही त्यानं तसं मानूही नये. ओटागोत मात्र खडीकरण हेच शेवटचं काम आहे. रुळांखालची खडी मुठीएवढी, धारदार कडांची असते. गाडीचं वजन पेलायला ती ठीक, पण तिच्यावर सायकल चालवणं म्हणजे मनगटांना शिक्षा. त्यामुळे वर बारीक चुरीची खडी पसरायची. नुसती गोल वाळू चालत नाही, ती चाकाखालून निसटते. लहान-मोठे खडे आणि त्यांना धरून ठेवणारी थोडी माती असं मिश्रण लागतं. पाणी मारून रोलर फिरवला की ते घट्ट बसतं. आपल्याकडचे कंत्राटदार ज्याला डब्ल्यूबीएम म्हणतात, त्याच कुळातलं हे काम. मधोमध वाट किंचित उंच ठेवायची म्हणजे पाणी दोन्ही कडांना उतरतं, आणि कडेला चर खणायचा म्हणजे ते तिथून वाहून जातं. चर तुंबला की पहिल्याच पावसात वाटेवर घळ पडते.

आणि मोटारी नाहीत याचा फायदा नुसता सायकलवाल्याच्या जिवाला नाही, खडीलाही आहे. कच्च्या रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या ज्या आडव्या लाटा उठतात, त्या वेगानं पळणाऱ्या चाकांमुळे उठतात. मोटारीचं चाक जरा उसळतं, पुन्हा आदळतं, आदळताना खडी पुढं सरकवतं, आणि मागून येणारं प्रत्येक चाक त्याच जागी उसळून तीच लाट वाढवतं. सायकलीला एवढा वेग नाही आणि एवढं वजन नाही. त्यामुळे इथली खडी वर्षानुवर्षं टिकते. खरं भांडण असतं ते पाण्याशी आणि तणाशी.

हल्ली पुण्या-मुंबईच्या दुकानांतही ‘ग्रॅव्हल बाइक’ म्हणून एक महागडा प्रकार आलाय: रेसिंग सायकलीसारखं वळलेलं हँडल आणि चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटर रुंदीचे टायर. मावळ-मुळशीतल्या कच्च्या रस्त्यांवर ती खरोखर शोभते. पण ओटागोच्या वाटेसाठी तिची काही गरज नाही. जाड टायरची साधी सायकल घ्या, हवा नेहमीपेक्षा जरा कमी भरा आणि सीट मऊ आहे ना ते पाहा. पायडलपेक्षा इथं बैठकीचीच परीक्षा जास्त.

क्लाइडहून निघालं की पहिले काही किलोमीटर सपाटच. उन्हाळ्यात अलेक्झांड्राच्या आसपास वाऱ्याला थाइमचा वास असतो. सोन्याच्या दिवसांत बाहेरून आलेली ही वनस्पती उघड्या टेकड्यांवर रानोमाळ पसरली आहे. चॅटो क्रीकनंतर टायगर हिलचा चढ लागतो. नाव ऐकून धसका घ्यावा असं काही नाही. इंजिनिअरनं टेकडीच्या अंगाला मोठं वळण देऊन रूळ वर चढवले आहेत. खाली पाहिलं की आपण मघाशी आलो ती वाट उलट दिशेला जाताना दिसते. पुढं मागं असं दोनदा पाहिलं की वर पोचल्याचं कळतं.

वरून उतरल्यावर ओमाकाऊ. आणि तिथून नदीपलीकडे दोन किलोमीटरवर ओफिर. या दोन गावांच्या जोडीत रेल्वेची सगळी ताकद दिसते. ओफिर हे सोन्याचं मूळ गाव: दगडी पोस्ट ऑफिस, झुलता पूल, बाजारपेठ, सगळा थाट. रेल्वे १९०४ साली आली ती ओमाकाऊला. पेठ हळूहळू उठून रुळांकडे गेली आणि ओफिर जिथल्या तिथं थांबलं. थांबलं म्हणूनच जुन्या इमारती शाबूत राहिल्या, आणि आज सायकलवाले वाट सोडून तिकडे वळतात ते त्या बघायला. याच ओफिरमध्ये जुलै १९९५ मध्ये पारा शून्याखाली २१.६ अंशांवर गेला होता. उन्हाळ्यात हेच खोरं पस्तिशीला टेकतं. समुद्रानं वेढलेल्या देशात असं विदर्भी हवामान सापडावं हे नवलच. डोंगर पश्चिमेचा पाऊस अडवतात, म्हणून हा भाग कोरडा.

लॉडरनंतर पूलबर्नची घळ. १५२ किलोमीटरांतला हा तुकडा सगळ्यात देखणा, आणि ज्याच्याकडे एकच दिवस आहे त्यानं फक्त हाच करावा. डावी-उजवीकडे शिस्ट खडकाचे थर उघडे पडलेले, त्यातून कोरलेली वाट, मग पूल, मग बोगदा, पुन्हा पूल, पुन्हा बोगदा. मधला पूल ३७ मीटर उंच आहे. त्याचे खांब तिथल्याच खडकाचे दगड घडवून बांधलेले. बोगद्यांत दिवे नाहीत. बॅटरी आपली आपण आणायची. आत शिरलं की दहा पावलांत गारठा जाणवतो आणि चाकाखालच्या खडीचा आवाज एकदम मोठा होतो. इथं उतरून सायकल हातात धरून चालावं, कारण समोरून येणाराही तुमच्यासारखाच चाचपडत असतो. बॅटरी भिंतीवर मारली तर छिन्नीचे घाव दिसतात. ही सगळी कामं हातानं झालेली आहेत. बाहेर पडलं की उन्हानं डोळे दिपतात.

पुढं ओटुरेहुआ. जवळच्या इडाबर्न तलावाचं पाणी कडाक्याच्या हिवाळ्यात पुरतं गोठलं तर तिथं कर्लिंगच्या स्पर्धा भरतात: बर्फावरून जड दगडी गोटे सरकवायचे आणि पुढं झाडू मारत धावायचं. गावाच्या पुढं मघाशी सांगितलेला ६१८ मीटरचा माथा येतो, आणि याच टापूत ४५ अंश दक्षिण अक्षवृत्त ओलांडलं जातं. विषुववृत्त आणि दक्षिण ध्रुव यांच्या बरोबर मध्यावर.

त्यानंतर मॅनिओटोटोचं मैदान. खरं सांगायचं तर हा भाग कंटाळवाणा आहे. नाकासमोर जाणारी सरळ वाट, एकही झाड नाही, आणि वायव्येचा वारा आडवा लागला तर पन्नासात एक काय, सपाटीसुद्धा घाट वाटते. पर्यटनाच्या पुस्तिकांत हे छापत नाहीत. कंटाळा घालवायला इथल्या लोकांनी एक गंमत करून ठेवली आहे: रॅनफर्ली गावात सूर्य ठेवून दोन्ही दिशांना वाटेवर ग्रहांची मांडणी केली आहे, सगळी अंतरं खऱ्या सूर्यमालेच्या दहा कोटींशाने. सूर्यापासून बुधापर्यंत काही पायडलं; नेपच्यूनला जाता-जाता मात्र दिवस जातो. मधल्या पोकळीचा अंदाज शाळेतल्या तक्त्यापेक्षा इथं मांड्यांना जास्त नीट येतो.

शेवटच्या टप्प्यात, हाइडजवळ, वाटेशेजारी एक दगडी स्मारक आहे. ४ जून १९४३ रोजी डनीडनकडे निघालेली प्रवासी गाडी इथल्या वळणावर भरधाव आली आणि खोदलेल्या कड्यात रुळांवरून घसरली. २१ माणसं गेली. आज त्याच वळणावर सायकल जरा हळू करावी एवढाही वेग नसतो.

सगळ्या वाटेवर जागोजाग फाटकं आणि जाळ्या आहेत. जाळी म्हणजे खड्ड्यावर आडव्या लोखंडी सळ्या. सायकल खडखडत पार होते, मेंढीचा पाय मात्र अडतो म्हणून ती जात नाही. फाटक उघडं असेल तर उघडं ठेवायचं, बंद असेल तर आपण गेल्यावर लावायचं, हा साधा नियम. मेंढपाळांच्या शंकांना मिळालेलं उत्तर हेच: भाषणं नव्हेत, फाटकं. मेंढ्या वाट ओलांडत असल्या तर सायकलवाल्यानं थांबायचं. ज्या भागातून विरोध झाला त्या भागातल्याच काही घरांनी पुढं लोकर कातरणाऱ्या मजुरांच्या जुन्या खोल्या झाडून-पुसून पाहुण्यांसाठी उघडल्या. ओसाड पडत चाललेल्या खेड्यांतल्या खानावळी पुन्हा सुरू झाल्या. पोस्ट, शाळा, दुकान एकामागून एक बंद पडत गेलेल्या या गावांना सायकलवाल्याचा एक मोठा गुण कळला: तो हळू जातो, त्याला भूक लागते आणि रात्री तो कुठं तरी झोपतोच. मोटारवाला हीच गावं तासाभरात मागं टाकतो.

२००९ साली मंदीच्या काळात पंतप्रधान जॉन की यांनी देशभर सायकलवाटांचं जाळं विणायची कल्पना उचलून धरली आणि सरकारनं त्यासाठी पाच कोटी डॉलर ठेवले. त्यामागं ओटागोचा दाखला होता. आज तिथं अशा वीसहून अधिक मोठ्या वाटा आहेत. पाण्याखाली गेलेल्या क्लाइड-क्रॉमवेल तुकड्याच्या जागीही २०२१ साली तलावाच्या कडेनं, काही ठिकाणी कड्याला लटकवलेल्या पुलांवरून, नवी वाट झाली.

माझ्या मते या सगळ्यात एक मेख आहे, ती झाकू नये. मोटारमुक्त वाटेवर येणारे बहुतेक लोक मोटारीनंच येतात. त्यांच्या पिशव्या एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला व्हॅन नेऊन टाकते. म्हणजे वाहतूक नाहीशी झालेली नाही, शेजारच्या रस्त्यावर गेली आहे. वाटेवर भेटणाऱ्यांत पन्नाशी-साठी ओलांडलेलेच जास्त, आणि त्यांच्यातही बॅटरीवर चालणाऱ्या सायकली वाढत आहेत. याला नाक मुरडण्याचं मला कारण दिसत नाही. ज्या वाटेवर साठीतली जोडपी आणि लहान मुलं बिनधास्त जातात ती वाट यशस्वी. तरणाबांड गडी काय, एक्सप्रेसवेच्या कडेनंही जाईल.

आता आपल्याकडे येऊ, आणि येण्यासाठी एका माणसाचा हात धरू: एव्हरार्ड काल्थ्रॉप.

पंढरपूर-बार्शी भागातल्या जुन्या माणसांना हे नाव ठाऊक नसेल, पण त्याची गाडी ठाऊक आहे. बार्शी लाइट रेल्वे, अडीच फुटी नॅरोगेज, १८९७ साली सुरू झाली. रूळ हलके, इंजिनं हलकी. प्रत्येक आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही हा काल्थ्रॉपचा दंडक. पुढं ती एकीकडे पंढरपूरवरून मिरजेपर्यंत आणि दुसरीकडे लातूरपर्यंत पसरली, आणि कित्येक पिढ्यांच्या वाऱ्या तिच्या डब्यांतून, प्रसंगी टपांवरून झाल्या. याच काल्थ्रॉपनं बार्शीचा अनुभव घेऊन इंग्लंडमध्ये, स्टॅफर्डशरच्या डोंगराळ भागात, लीक अँड मॅनिफोल्ड ही तशीच अडीच फुटी रेल्वे बांधली. (हाच गृहस्थ पुढं विमानातून उडी मारायच्या पॅराशूटच्या मागं लागला, तो विषय वेगळा.) १९०४ साली सुरू झालेली ती रेल्वे चालली नाही, १९३४ साली बंद पडली. रेल्वे कंपनीनं तिचा पट्टा स्थानिक कौंटीला देऊन टाकला आणि १९३७ साली त्यावर लोकांना चालण्यासाठी वाट खुली झाली. ब्रिटनमधल्या अशा वाटांत ती अगदी सुरुवातीची. तेरा-एक किलोमीटरची ‘मॅनिफोल्ड वे’ आजही आहे. तिच्यावर नंतर डांबर पडलं आणि एका बोगद्याच्या भागात ती मोटारींबरोबर वाटून घ्यावी लागते, तरी नदीकाठच्या चुनखडीच्या कड्यांखालून मुलाबाळांसह सायकली चालतात.

म्हणजे बार्शीच्या बहिणीची सायकलवाट होऊन ऐंशीवर वर्षं झाली. बार्शीचं काय?

बार्शी लाइटची नॅरोगेज या शतकाच्या पहिल्या दशकात संपली आणि ब्रॉडगेज आली. ते उत्तमच झालं. ज्या मार्गावर गाडी धावू शकते तिथं गाडीच धावली पाहिजे. जिवंत रेल्वे मोडून सायकलवाट करा असं म्हणणारा माणूस गावाचा हितशत्रू. पण सगळीकडे नवे रूळ जुन्या जागी पडले नाहीत. नॅरोगेज धाराशिव शहराला कधी शिवलीच नव्हती, ती येडशीवरून परस्पर लातूरकडे जायची. ब्रॉडगेज मात्र धाराशिवला वळवून नेली. जिथं-जिथं अशी आखणी बदलली तिथं जुना भराव मागं सुटला. बालाघाटच्या डोंगरातला मुलूख, आणि चढ अर्थातच आगगाडीच्या बेताचा.

विदर्भात प्रश्न अधिक नाजूक आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर ११३ किलोमीटर आणि मूर्तिजापूर-अचलपूर ७६ किलोमीटर ही ‘शकुंतला’. वऱ्हाडचा कापूस वाहण्यासाठी खासगी कंपनीनं घातलेली नॅरोगेज, जिला वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ओढत होतं. पुलगाव-आर्वी ही तशीच धाकटी. गाड्या आता बंद आहेत आणि लोकांची मागणी एकच आहे: ब्रॉडगेज करा. त्यांना सायकलवाटेचं चित्र दाखवायला गेलात तर ते चिडतील, आणि त्यांचं बरोबर असेल. कापूस आणि कॉलेजची पोरं सायकलवर जात नाहीत.

पण इथंच अमेरिकेनं १९८३ साली केलेल्या एका कायदेशीर तजविजीकडे पाहण्यासारखं आहे. रेल्वे बंद झाली तरी पट्टा मोडायचा नाही. मधल्या काळात त्यावर सायकलवाट चालवायची आणि पुढं कधी रेल्वेला गरज पडली तर पट्टा परत द्यायचा. जमीन बँकेत ठेवावी तशी. मिझुरी राज्यातली केटी ट्रेल, चुनखडीच्या बारीक चुरीची जवळपास ३८० किलोमीटरची वाट, याच तरतुदीवर उभी आहे. म्हणजे सायकलवाट ही रेल्वेची सवत नाही, तिच्या जागेची राखणदार होऊ शकते. शकुंतलेच्या पट्ट्यात आज ना उद्या कुठं बाभळी माजतील, कुठं टपरी बसेल, कुठं पूल खचेल. ब्रॉडगेजचा निर्णय व्हायला वीस वर्षं लागली तर वीस वर्षांनी तिथं रूळ टाकायला पट्टा शिल्लक हवा. त्यावर रोज शाळेच्या सायकली जात असतील तर तो राहील.

मोटारीशिवायचा मातीचा रस्ता आपल्याला अगदीच परका नाही. माथेरानला मोटारबंदी जुनी आहे. लाल मातीचे रस्ते ही त्या गावाची ओळख. त्याच रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक बसवायचे की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मातीचा रस्ता टिकवायचा तर पाण्याचे चर दरवर्षी काढावे लागतात, आणि दरवर्षीच्या कामापेक्षा एकदाच्या कंत्राटात सगळ्यांना रस असतो. ओटागोत ते दरवर्षीचं काम होतं, एवढाच तिथला चमत्कार.

तेव्हा बार्शी, येडशी, मुरूड, आर्वी, दारव्हा, अचलपूर या भागातल्या वाचकांना एक विनंती आहे. आराखडा नको, उद्घाटन नको, मुरूमही एवढ्यात नको. रेल्वेचा जुना नकाशा आणि तलाठ्याकडचे सात-बारा समोरासमोर ठेवून आपल्या शिवारातला पट्टा कुठून कुठं जातो ते एकदा पाहून घ्या, आणि येत्या ग्रामसभेत एका ओळीचा ठराव घ्या: हा पट्टा तुकड्यांनी विकू नये, त्यावर बांधकामाला परवानगी देऊ नये, आणि त्यावरचा एकही पूल भंगारात काढू नये.